कंबरदुखीला टीबीची टेस्ट कशाला? टीएनएफ रोखणारं इंजेक्शन घरात येण्यापूर्वी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये महिन्यातून चार-पाच जण तरी हा प्रश्न विचारतात. टीएनएफ (शरीरात सूज पेटवणारं एक प्रथिन) रोखणारं इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी संधिवाततज्ज्ञांनी दिलेली चिठ्ठी हातात असते: मॉन्टू (टीबीसाठी हातावर टोचून करायची टेस्ट), छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सीबीसी, एसजीपीटी. "मॅडम, माझी कंबर दुखते हो. खोकला नाही, ताप नाही. टीबीची टेस्ट कशाला?" मागे दहा जण उपाशीपोटी रक्त द्यायला थांबलेले असतात, तेव्हा याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही. एकोणीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. आणि माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून हे इंजेक्शन घेतो, त्यामुळे पेशंटच्या घरची बाजूही मला ठाऊक आहे. डोस किती, सुरू कधी, बंद कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण ते जे जे सांगतात त्यामागे एकच कारण आहे, आणि ते कारण कळलं की सूचनांचा कागद पाठ करावा लागत नाही.

भावाचं थोडक्यात सांगते. राहायला ऐरोलीला, नोकरी महापेला. सव्विसाव्या वर्षापासून पहाटे तीन-चारला कंबरदुखीने जाग यायची. उठून खोलीत फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. सकाळी वाकून मोजे घालता येत नसत, आणि दुपारपर्यंत माणूस ठणठणीत! चार वर्षं त्याला गादी बदला, बाइक सोडा, नीट बसा, एवढंच ऐकायला मिळालं. पडून राहिल्यावर दुखणं वाढतं की कमी होतं, हे कुणी विचारलं नाही. मी रोज लोकांचे सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) करते, मीही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या घरात पंचेचाळिशीच्या आतल्या कुणाची कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल, आणि ते दुखणं विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर थेट संधिवाततज्ज्ञांकडे जा. भावाच्या एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरच्या दोन्ही सांध्यांना सूज निघाली, या आजाराशी जोडलेलं एचएलए-बी२७ हे जनुक पॉझिटिव्ह आलं, आणि आजाराला नाव मिळालं: अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस. व्यायाम आणि दोन प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या करून झाल्या, पण सूज हटेना. मग डॉक्टरांनी अॅडालिमुमॅबचं नाव काढलं.

नावाची भीती आधी घालवा

अॅडालिमुमॅब हे टीएनएफला धरून ठेवणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. टीएनएफ म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. घरी येऊन भावाने मोबाइलवर हे नाव शोधलं आणि मला फोन केला, "ताई, मला ट्यूमर आहे आणि तुम्ही लपवताय का?" हाच प्रश्न मी नंतर कितीतरी लोकांकडून ऐकला. तर, नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. त्याने उंदरांच्या गाठी मरत होत्या, म्हणून त्याला हे नाव पडलं. १९८४ मध्ये त्याचं जनुक वेगळं काढता आलं. पुढच्याच वर्षी ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांनी दाखवलं की दीर्घ आजारात शरीर झिजवणारा, 'कॅकेक्टिन' म्हणून त्यांनी शोधलेला पदार्थ आणि हे टीएनएफ एकच आहेत. गाठींशी असलेलं नातं नावापुरतं उरलं. शरीरातलं याचं खरं काम सूज पेटवण्याचं.

हे काम कसं चालतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भाजी चिरताना बोट कापलं आणि जखमेत जंतू शिरले, तर तिथे आधीपासून गस्त घालणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी ते ओळखतात. ओळख पटली की त्या आपल्या केंद्रकातलं टीएनएफचं जनुक चालू करतात. हे जनुक आपल्या प्रत्येक पेशीत असतं, त्वचेच्याही आणि यकृताच्याही; पण ते जोरात चालू करणाऱ्या मुख्यतः मॅक्रोफेज, आणि त्यांच्या जोडीला टी-पेशी, मास्ट पेशी, एनके पेशी. जनुकावरून बनलेलं प्रथिन आधी पेशीच्या अंगावर काट्यासारखं उभं राहतं. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, कात्रीसारखं येऊन ते कापून मोकळं करतं. मोकळे झालेले तुकडे, तीन-तीनच्या जुडीने, आसपासच्या पेशींच्या कड्या वाजवतात. ज्या पेशीची कडी वाजली तिने काय करायचं हे ठरलेलं असतं. रक्तवाहिनीचं अस्तर चिकट होतं, म्हणजे जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे थांबून आत उतरतात. इतर पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे पुढचे निरोप सोडतात. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी बनवतं, आणि ते आमच्या मशीनवर दिसतं. बोट लाल होतं, गरम होतं, ठसठसतं. दोन दिवसांत सगळं निवतं.

हे निवणंही जनुकातच लिहिलेलं आहे. जनुकावरून निघणाऱ्या निरोपाच्या, म्हणजे एमआरएनएच्या, शेपटीत एक छोटा भाग असा असतो की त्यामुळे तो निरोप लवकर विरघळून जातो. १९९९ मध्ये ग्रीसमधल्या जॉर्ज कोलियास यांच्या गटाने उंदरांच्या जनुकातून नेमका तेवढाच भाग काढून टाकला. टीएनएफ प्रथिन अगदी तेच, त्यात काडीचाही फरक नाही. फक्त निरोप टिकून राहिला. त्या उंदरांना सांधेदुखी झाली आणि क्रोन्स या आतड्याच्या आजारात येते तशी आतड्याला सूज आली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. भावाला मी तो कागदावर चित्र काढून समजावला होता: तुझ्या शरीरात काही घाणेरडं तयार होत नाहीये, रोज लागणारीच गोष्ट थांबायचं विसरली आहे.

मग माझं टीएनएफचं जनुकच बिघडलंय का, असं लोक विचारतात. बहुतेकांत तसं नसतं. ते जनुक सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे, एचएलए-बी त्याच वस्तीत आहे, त्यामुळे गोंधळ होतो. पण एचएलए-बी२७ असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. टीएनएफ जनुकाच्या सुरुवातीच्या भागातला एखादा फरक शोधून देणाऱ्या महागड्या जनुकीय तपासण्या मिळतात. त्यावरून इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरत नाही, डॉक्टरांनी मागितल्याशिवाय करू नका. रक्तातलं टीएनएफ मोजून द्या म्हणणारेही असतात. रक्तात ते फार थोडा वेळ टिकतं, आणि त्याचं काम चालतं सांध्यात. तुमच्यासाठी सीआरपी आणि ईएसआरच उपयोगाचे.

आता टीबी

सांध्यांच्या सुजेत टीएनएफपासून सुरुवात होते, हे लंडनच्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने दाखवलं. १९८९ मध्ये त्यांनी आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून टीएनएफ अडवलं, तर त्या पेशींचं इंटरल्यूकिन-१ सुद्धा कमी झालं. एक अडवला की मागचे आपोआप ढिले पडतात. १९९२ मध्ये हा उपाय रुग्णांवर करून पाहायला सुरुवात झाली आणि १९९८ मध्ये पहिली औषधं अमेरिकेत बाजारात आली. लोक उठून चालू लागले. आणि मग २००१ मध्ये एक अहवाल आला: इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं औषध घेतलेल्या ७० जणांना टीबी झाला होता, बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता.

असं का व्हावं? टीबीचा जंतू शरीरात शिरला की बहुतेक वेळा आपण त्याला मारत नाही, कोंडतो. मॅक्रोफेज त्याच्याभोवती कडं करतात आणि त्याची गाठ बनते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत जंतू झोपलेला, बाहेर पहारा. हा पहारा टिकवण्यासाठी टीएनएफ सतत लागतं. आपल्याकडे लोकलच्या डब्यात, चाळीत, शाळेत कधी ना कधी हा जंतू अनेकांच्या छातीत येऊन झोपलेला असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुम्ही टीएनएफ अडवलंत की कंबरेतली आग विझते आणि त्याच वेळी छातीतल्या गाठीवरचा पहाराही ढिला होतो. म्हणून कंबरदुखीला टीबीची टेस्ट.

ती नीट करून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त हलगर्जी होते. मॉन्टूमध्ये हाताच्या आतल्या बाजूला, त्वचेच्या आतच, ०.१ मिली द्रव टोचतात. तिथे लगेच मसूरएवढा फुगा आला पाहिजे. नाही आला तर सुई खोल गेली, पुन्हा टोचून मागा. नंतर तिथे खाजवू नका, मलम लावू नका. ४८ ते ७२ तासांत परत येऊन दाखवायचं. सोमवार ते बुधवार टोचून घेतलंत तर वाचायला दोन दिवस मिळतात, रविवार आडवा येत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून "रिपोर्ट बनवा ना" म्हणू नका. आम्ही लाली मोजत नाही. बॉलपेनने बाहेरून आत रेघ ओढत येतो, पेन जिथे अडतं तिथे घट्टपणाची कड असते. दोन्ही कडांमधलं आडवं अंतर मोजायचं. हा घट्टपणा फोटोत दिसत नाही, तो बोटालाच कळतो. टीएनएफ रोखणारं औषध घेणाऱ्यांसाठी ५ मिमीपासून पुढे पॉझिटिव्ह धरतात, आणि इतरांसाठीची रेषा वेगळी असते. त्यामुळे चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असेल तर ते लॅबला दाखवा. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने मॉन्टू खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. लहानपणच्या बीसीजीनेही, म्हणजे टीबीच्या लसीनेही, निकालात गोंधळ होतो, तेव्हा डॉक्टर रक्ताची इग्रा तपासणी सांगतात. तिच्यात तुमच्या टी-पेशींना टीबीचे खास तुकडे दाखवून त्या किती इंटरफेरॉन-गॅमा सोडतात ते मोजतात. तेही टीएनएफसारखं पेशींचे निरोप नेणारं प्रथिन, म्हणजे सायटोकाइनच, टीएनएफच्या जोडीने तीच गाठ राखणारं.

भावाची मॉन्टू १४ मिमी आली. एक्स-रे स्वच्छ. म्हणजे आजार नाही, पण झोपलेला पाहुणा आहे. डॉक्टरांनी सहा महिन्यांचं आयसोनियाझिड दिलं, हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून जोडीला बी-६, आणि यकृतासाठी दर महिन्याला एसजीपीटी. इंजेक्शन पहिल्या महिन्यानंतर सुरू झालं. तो एक महिना त्याला फार जड गेला. "ताई, दुखतंय मला आणि गोळी खातोय न झालेल्या टीबीची." मी रोज संध्याकाळी गोळी घेतल्याचा फोन घ्यायचे. तुमच्या माणसाची चिडचिड होईल, होऊ द्या, पण गोळी चुकू देऊ नका. टेस्ट निगेटिव्ह आली तरी पुढे संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, मानेत किंवा काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर खोकल्याची वाट पाहू नका. त्या ७० जणांची आठवण ठेवा.

फ्रीज, पिशवी, सुई

अँटिबॉडी हे प्रथिन आहे आणि त्याची घडी मोडली तर ते टीएनएफला पकडू शकत नाही. म्हणून २ ते ८ अंश. आमच्या आईकडचा जुना एकदारी फ्रीज होता. भावाचा एक डोस मी तिथे मधल्या फळीवर, अगदी मागे भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी सिरिंजमध्ये बर्फ. वितळल्यावर ते पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं, तरी टाकून दिलं, कारण गोठल्यावर प्रथिनाचे गुठळे होतात आणि ते डोळ्याला दिसतीलच असं नाही. पंधरवड्याचा खर्च कचऱ्यात गेला, आई रडली. तेव्हापासून खोका मधल्या फळीवर पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात, शेजारी दोनशे रुपयांचा थर्मामीटर. दारात ठेवू नका, दार दिवसातून पन्नासदा उघडतं. दिवे गेले तर फ्रीज उघडूच नका.

मी केमिस्टकडून ठाण्यात घेते आणि ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला नेते. प्रवास दहा-बारा मिनिटांचा, पण मे महिन्यातलं फलाट धरून तास होतो. आइस पॅक लागतोच, मात्र तो खोक्याला थेट लावायचा नाही, मध्ये टॉवेल गुंडाळायचा. खोलीच्या तापमानाला किती दिवस चालेल हे प्रत्येक कंपनीच्या खोक्यातल्या कागदावर वेगळं असतं, तुमचा कागद वाचा. आणि त्यातला अंशांचा आकडा मेमधल्या ठाण्याच्या खोलीशी ताडून बघा.

टोचायच्या आधी सिरिंज अर्धा तास बाहेर ठेवा, गारवा आपोआप जाऊ द्या. गरम पाण्यात बुडवायची नाही, हलवायचीही नाही. गार औषध झोंबतं, भाऊ पहिल्या वेळी ओरडलाच होता. मांडीचा पुढचा भाग किंवा नाभीपासून दोन इंच सोडून पोट, दर वेळी जागा बदलून. स्पिरिट वाळू द्या. नंतर चोळू नका. वापरलेली सुई घरच्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात ती घुसते. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि भरला की जवळच्या लॅबला किंवा दवाखान्याला विचारून तिथे द्या.

ताप आला, बाळ झालं, गुण येईना

ताप चढवण्यातही टीएनएफचा हात असतो. त्यामुळे हे इंजेक्शन चालू असताना मोठ्या संसर्गातही ताप नेहमीपेक्षा कमीच चढू शकतो. "शंभरच आहे, क्रोसिन घेतो" हे आमच्या घरात बंद झालं. अंगात ताप, पिकलेली जखम, लघवीची जळजळ, यातलं काही असेल आणि त्याच दिवशी डोस असेल, तर तो न घेता आधी डॉक्टरांना फोन. एखादा डोस पुढे गेल्याने कंबर थोडी आखडेल, ती पुन्हा सुटते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोस्पायरोसिस टाळण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा, आणि विचारताना हे इंजेक्शन चालू असल्याचं आधी सांगा. नजर अचानक अंधूक झाली, हातपाय बधिर झाले किंवा चढताना नव्याने दम लागू लागला तरीही वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन.

फ्लू, न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी यांच्या लसी चालतात, शक्यतो सुरू करण्यापूर्वीच घ्याव्यात. जिवंत लसी, म्हणजे ज्यांत कमजोर केलेले पण जिवंत जंतू असतात त्या, मात्र चालत नाहीत. आणि एक गोष्ट मी प्रत्येक तरुण मुलीला थांबवून सांगते. ही अँटिबॉडी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळाकडे जाते. आपल्याकडे बाळ जन्मल्या जन्मल्या बीसीजी टोचतात, आणि बीसीजी जिवंत लस आहे. गरोदरपणात हे इंजेक्शन घेतलं असेल तर बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा, बीसीजी कधी द्यायची ते ठरवतील. वॉर्डातल्या गडबडीत हे कुणी विचारेल असं धरून चालू नका.

गुण कधी येतो? भावाला तिसऱ्या डोसानंतर पहाटेची जाग बंद झाली. सीआरपी ३८ वरून ४ वर आलं, तो रिपोर्ट मी स्वतः छापला. डॉक्टर साधारण तीन महिने वाट पाहतात. काहींना आधी गुण येतो आणि वर्षा-दोन वर्षांनी ओसरतो, कारण शरीर या औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवतं. तेव्हा मनाने डोस वाढवू नका किंवा सोडू नका. टीएनएफ रोखणारी दुसरी औषधं आहेत, इंटरल्यूकिन-१७ अडवणारी आहेत. बरं वाटतंय म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांची मात्र मला काळजी वाटते. सूज इंजेक्शनने उतरते, पण कणा लवचिक राहतो तो रोज ताणल्याने. भाऊ आजही सकाळी कामाला निघण्याआधी वीस मिनिटं देतो.

शेवटचं काम आजच करा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा एक कागद घ्या. भावाच्या रेल्वे पासामागे जो आहे त्यावर मी असं लिहिलंय: "मी टीएनएफ रोखणारं इंजेक्शन अॅडालिमुमॅब ४० मिग्रॅ दर १५ दिवसांनी घेतो. मला संसर्ग झाला तर ताप कमी दिसू शकतो. मॉन्टू पॉझिटिव्ह होती, आयसोनियाझिड सहा महिने पूर्ण. जिवंत लस देऊ नये." खाली डॉक्टरांचा नंबर, माझा नंबर, आणि शेवटच्या डोसाची तारीख. तारीख पेन्सिलने लिहिलीय, दर पंधरवड्याला खोडून नवी घालता यावी म्हणून.